पहिला डाव जत्रेतला

मांडवीतल्या कॅसिनोंच्या नावाने आपण गोमंतकीय रोज बोटं मोडतो. विद्यापीठातल्या पोरांना मात्र तिथवर जायची गरजच नाही. तसाही २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला मज्जाव आहे, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली. तरी आयपीएल आली की मोबाइलवर सट्टा लागतोच. ही चटक लागते कुठं? माझ्या मते जत्रेत. मंडपात नाटक रंगलेलं, पलीकडे जुगाराचे पट, आणि मामाच्या आडून दहाची नोट लावणारं शाळकरी पोर. १९७६ चा जुगारबंदी कायदा तिथंही लागू आहे हो! पण कित्येक गावांत नाटकाचा खर्च त्या पटांतूनच निघतो, म्हणून सगळे गप्प. यंदा आमच्या जत्रेच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. वर्गणी दुप्पट करा, मी देतो.