हवेतील किल्ली

एक गुपित सुरक्षित पाठवावयाचे तर त्याआधी दुसरे गुपित पोचवावे लागते, ही कूटलेखनाची जुनी अडचण आहे. कुलूप घातले, पण किल्ली कशी पोचवावी? १९७६ साली डिफी व हेलमन यांनी उघड्या मार्गाने किल्ली ठरविण्याची रीत दाखविली. तिचा आधार मात्र गणित अवघड असण्याचा. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक ते गणित सोडवू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ साली दाखविले. म्हणूनच निराळ्या आधाराला महत्त्व आले आहे.

असा एक आधार हवेतच आहे. बिनतारी लहरी भिंती, माणसे, वाहने यांवर आपटत अनेक वाटांनी पोचतात. त्यांची तीव्रता क्षणोक्षणी बदलते. हा चढउतार एकाच वारंवारतेवर दोन्ही टोकांना जवळजवळ सारखा मोजला जातो. अर्ध्या तरंगलांबीपलीकडे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झवर सुमारे सहा सेंटिमीटर दूर, चोरून ऐकणाऱ्याला तो सहसा वेगळा भासतो. दोघांनी तो शून्य-एकांत मांडावा, तफावत उघडपणे जुळवावी आणि जुळविताना जेवढे फुटले असेल तेवढे गाळून टाकावे. किल्ली तयार होते.

निसर्ग फुकट देतो त्याचा मोह कोणास नाही? परंतु हे दान अटींचे आहे. चढउतार नसेल तर किल्लीही नाही. भोवताल स्तब्ध असेल, तर लबाडाने मुद्दाम वाटेत ये-जा करून किल्लीचा अंदाज बांधावा, हेही प्रयोगांती दिसले आहे. शिवाय पलीकडचा खरा कोण, हे लहरी सांगत नाहीत. त्यासाठी आधीची ओळख लागतेच.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. २०२१ च्या केंद्रीय योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. घर केव्हा रिकामे असते, हे विजेच्या नोंदींवरून ताडता येते. आणि मीटर तर भिंतीवर निश्चल असतो. कारखान्याने घातलेले परवलीचे शब्द न बदलल्यामुळे २०१६ साली ‘मिराई’ने असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. तेव्हा किल्ली कोठून येते आणि ओळख कोण पटवितो, ही विचारणा खरेदीच्या निविदेतच झाली पाहिजे. सुरक्षिततेचा खर्च टळत नसतो. विक्रेत्याने तो वाचविला, तर ग्राहकाला तो चुकवावा लागतो, आणि तोही न कळत.