स्पॅनिश बाटलीची किंमत

गेल्या हिवाळ्यात राजूरच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह जुना. परदेशातील चिरंजीवांनी ‘हृदयाला उत्तम’ म्हणून स्पेनची तांबडी वाइन आणून दिली होती. गुरुजी रोज रात्री जेवणाआधी पेलाभर घेत. तिसऱ्या पहाटे ते घामाने डबडबलेले, असंबद्ध बोलत असलेले बाईंना आढळले. साखर ५४ वर उतरली होती. बाईंनी प्रसंगावधान राखून साखरपाणी पाजले, म्हणून निभावले.

“डॉक्टर, एवढी महाग वस्तू अपाय कशी करील?” गुरुजींचा प्रश्न प्रामाणिक होता.

मी त्यांना बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखविली : ग्रान रेसेर्वा. स्पेनच्या रिओहा प्रांतात वाइनची प्रतवारी मुख्यतः मुरण्याच्या काळावर ठरते. क्रिआन्सा किमान दोन वर्षे, रेसेर्वा तीन, ग्रान रेसेर्वा पाच. त्यांतील काही काळ ओकच्या पिंपात. सव्वादोनशे लिटरच्या एका पिंपातून जेमतेम ३०० बाटल्या भरतात. पिंप महाग, तळघराची जागा अडते, भांडवल पाच वर्षे पडून राहते आणि थोडी वाइन दरसाल उडूनही जाते. ती बाटली आपल्याकडे आयात झाली, की भर सीमाशुल्काची. वर्षानुवर्षे ते १५० टक्के राहिले. म्हणजे हजाराची बाटली बंदरातच अडीच हजारांची! राज्याचा कर आणि दुकानदाराचा नफा पुढेच. या साऱ्या हिशेबात हृदय कोठेही येत नाही.

ज्यांना वैद्यकीय मनाई नाही आणि जे सणासुदीला घेतातच, त्यांनी पिंपाचे पैसे कशाला मोजावेत? न मुरविलेली, ‘होवेन’ म्हणजे तरुण वाइन स्वस्त आणि जेवणाबरोबर रुचकर असते. रिओहाच्या नावाचे मोल टाळायचे, तर कालातायुद किंवा कांपो दे बोर्खा या भागांतील गार्नाचा द्राक्षाची बाटली पाहावी. किंवा स्पेनला जावेच कशाला? रिओहाचे टेंप्रानियो द्राक्ष आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडेही लावले गेले आहे, आणि त्या वाइनला सीमाशुल्क नाही.

मात्र स्वस्त असो वा महाग, आतील मद्यार्क तोच. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात साधारण सोळा ग्रॅम. व्हिस्कीच्या लहान पेगाच्या दीडपटीहून अधिक. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे मी लग्नाच्या पंगतीत अनेकदा ऐकले आहे, तेही सुशिक्षितांकडून! मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. मद्य यकृताला साखर तयार करू देत नाही. उपाशीपोटी, साखर उतरविणाऱ्या गोळीवर ते घेतले, तर गुरुजींसारखी पहाट उगवते. झोपेची गोळी किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर पडणे आणि रक्तस्राव यांची भीती निराळी. घरच्यांनी पाहुण्याच्या आग्रहाआधी औषधांची यादी पाहावी.

गुरुजींनी उरलेली बाटली माझ्या टेबलावरच ठेवली. मी ती बाईंच्या हाती परत दिली. त्यांनी ती मोरीत ओतून रिकामी बाटली काथ्या बांधून मनीप्लांटसाठी ठेवली आहे. चिरंजीवांना मी साखर तपासण्याच्या पट्ट्या आणायला सांगितले आहे.