स्किप्टन : डोंगरांच्या वेशीवरचे गाव आणि सुरतेची वखार

१/ इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशर डेल्स हे १९५४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या दक्षिण वेशीवर स्किप्टन हे जुने बाजाराचे गाव. ‘डेल्सचे प्रवेशद्वार’ ही त्याची ख्याती. पण दारात कोण रेंगाळतो? प्रवासी चहा घेऊन डोंगरांकडे वळतात. मराठी वाचकाने मात्र येथे थांबावे, असे माझे मत आहे.

२/ स्किप्टन म्हणजे ‘मेंढ्यांचे गाव’. १२०४ साली राजा जॉनने बाजाराची सनद दिली. आजही आठवड्यातून चार दिवस हमरस्त्यावर बाजार भरतो. रस्त्याच्या वरच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च आणि शेजारीच क्लिफर्ड घराण्याचा किल्ला.

३/ या चर्चमध्ये जॉर्ज क्लिफर्ड या कम्बरलंडच्या तिसऱ्या अर्लची समाधी आहे. समुद्रावरील लुटीच्या मोहिमांपायी त्याने घराण्याची संपत्ती उधळली. ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेल्या सनदेत पहिले नाव त्याचेच आहे.

४/ त्याचे ‘स्कर्ज ऑफ मॅलिस’ हे जहाज कंपनीने विकत घेतले, त्याचे नाव ‘रेड ड्रॅगन’ ठेवले आणि १६०१ च्या पहिल्या सफरीत तेच आघाडीचे जहाज झाले. १६१२ साली सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात याच जहाजाने पोर्तुगीजांशी झुंज दिली. त्या विजयाने सुरतेत इंग्रजांच्या वखारीला वाट मिळाली. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले, तेव्हा ती वखार तेथे उभी होती.

५/ कोणी म्हणेल, एका विकलेल्या जहाजाचा हा धागा फारच बारीक. मला तो तसा वाटत नाही. साम्राज्य आरंभापासूनच आखून उभारले गेले, असे आपण सहज धरून चालतो. येथे दिसते, की त्याच्या मुळाशी एका सरदाराची साहसाची हाव आणि व्यापाऱ्यांचा हिशेब होता.

६/ जॉर्जने आपली जहागीर लेकीला डावलून भावाला दिली. लेडी ॲनने जवळजवळ चार दशके झगडून १६४३ साली ती मिळवली, यादवी युद्धानंतर किल्ला दुरुस्त केला, आणि बापाची समाधीही तिनेच बांधली.

७/ म्हणून डोंगर अवश्य पाहा; पण त्याआधी या समाधीपाशी घटकाभर उभे राहा. आपल्या इतिहासाची काही पाने परक्या गावांत असतात. ती तेथे जाऊनच वाचावी लागतात.