ताटातली भांग

माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. हिरवट तेलाची बाटली, तिच्यावर भांगेचं पान आणि खाली आजारांची यादी: गुडघेदुखी, मधुमेह, बीपी, झोप न लागणं. सगळ्यांवर एकच उपाय, हेम्प सीड ऑइल. म्हणजे भांगेच्या बियांचं तेल. जाहिरातीखाली दोन तऱ्हेचे मेसेज असतात. एक, "साहेब, कुठे मिळेल?" दुसरा, "भांग विकताय, लाज वाटत नाही का?" माझं मत या दोघांशीही जुळत नाही, म्हणून हा लेख.

पहिल्यांदा लाज वाटणाऱ्यांशी बोलतो. आपल्याकडे भांग म्हटलं की होळीची ठंडाई आठवते. पण पिथौरागड आणि रानीखेतच्या पोस्टिंगमध्ये मी भांग पाहिली ती स्वयंपाकघरात. कुमाऊंमध्ये भांगेचं बी हा किराणा आहे. तव्यावर कोरडं भाजायचं, तडतडलं की उतरवायचं आणि पाट्यावर हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, मीठ घालून वाटायचं. वरून लिंबू. ही भांगेची चटणी आलूच्या गुटक्यांबरोबर नाहीतर मडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, भाकरीबरोबर खातात. थंडीत गडेरीच्या (अळूच्या कांद्यांच्या) भाजीत बी वाटून, पाण्यात कालवून, गाळून घालतात. रस्सा दाट होतो. उन्हात बसून मोठी पहाडी लिंबं सोलायची आणि त्यात दही, मुळा, गूळ आणि भाजलेल्या भांगेची पूड कालवायची, हा तर तिथला सोहळाच. घरातली आमा, म्हणजे आजी, नातवंडांना हे भरवते. कोणालाही नशा चढत नाही.

कारण साधं आहे. नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य असतं फुलोऱ्याच्या आणि पानांच्या चिकात. बियांच्या गरात ते नसतं. काढणीच्या वेळी सालीला चीक लागला तर तेवढा अंश येतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे; शेंड्यांपासून वेगळ्या केलेल्या बिया तीत येत नाहीत. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून रीतसर मान्यता दिली. अट अशी की टीएचसी बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमच्या वर नसावं. म्हणजे कुमाऊंच्या आमांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यावर दिल्लीने उशिरा शिक्का मारला.

आता "कुठे मिळेल" विचारणाऱ्यांशी. बी चांगलं आहे, यात शंका नाही. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं आणि ४८ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. रोजच्या मापात सांगायचं तर दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम, घेतले तर ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका अंड्याएवढी. शिवाय मॅग्नेशियम १४० मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा. लोह आणि जस्तही चांगलं. साठी ओलांडलेल्या, दंड-मांड्या सैल पडू लागलेल्या आणि ताटात भात-पोळीच जास्त असलेल्या माणसाला ही भर उपयोगाचीच आहे. शाकाहारी घरात तर जास्तच.

पण हिशेब इथे थांबत नाही. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यात ५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि किंमत कितीतरी कमी. ओमेगा-३ साठी भांगेच्या तेलाचं कौतुक होतं. त्यात ते साधारण १५ ते २० टक्के असतं. आपल्या जवसाच्या तेलात ५० टक्क्यांच्या वर. आणि दोन्हींतलं ओमेगा-३ हे वनस्पतीतलं आहे. माशातून मिळतं त्या रूपात शरीर त्याचा थोडाच भाग बदलू शकतं. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी आणि सोलापूरकडे शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्याने आपण काही गमावतोय असं समजू नये. भांगेची चटणी ही कुमाऊंची कारळ्याची चटणी आहे. मान तेवढाच द्या. तो काही कमी नाही.

तेलाबद्दल वेगळं सांगायला हवं. बी खाल्लं तर प्रथिनं, मॅग्नेशियम, लोह सगळं पोटात जातं. तेल काढलं की हे सारं पेंडीत राहतं आणि बाटलीत उरतो फक्त स्निग्धांश. हे तेल तळणीचं नाही. लवकर धुरावतं आणि उष्णतेने बिघडतं. हवेने आणि उजेडानेही खवट होतं. घ्यायचंच तर गडद रंगाची छोटी बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि कोशिंबिरीवर, वरणावर वरून चमचाभर सोडा. ते तेवढ्याच कामाचं आहे.

गुडघ्यांवरचं औषध म्हणून जे विकतात, त्यात एक मोठी गफलत मुद्दाम ठेवलेली असते. सीबीडी नावाचं द्रव्य पानाफुलांत असतं, बियांच्या तेलात जवळजवळ नसतंच. पानांचा अर्क 'विजया' या नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून मिळतो आणि तो वैद्याच्या चिठ्ठीने घ्यायचा असतो. जाहिरातवाले अर्काबद्दल जे बोललं जातं ते बियांच्या बाटलीवर चिकटवतात. आमच्या ओळखीचे एक हवालदार साहेब असंच वाचून बीपीची गोळी बंद करून बसले आणि रोज सकाळी चमचाभर तेल घेऊ लागले. महिन्याभराने अंगणात चक्कर येऊन पडले. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. त्यात तेलाचा दोष नव्हता. ते तेल कोशिंबिरीवर घातलं असतं आणि गोळी चालू ठेवली असती, तर काही झालं नसतं. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मिळणारी गोळी कोणत्याही बाटलीच्या भरवशावर सोडू नका.

आणखी तीन गोष्टी, विशेषतः महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. शब्दकोशात 'हेम्प' पाहिलं तर ताग आणि अंबाडी असे अर्थ सापडतात. ही वेगळी झाडं आहेत. कृषी सेवा केंद्रात हिरवळीच्या खतासाठी मिळणारं तागाचं बी विषारी असतं. ते भांगेचं बी समजून चुकूनही खाऊ नका. दुसरं, गावाकडे ओढ्याकाठी उगवलेल्या झाडाच्या बिया गोळा करू नका आणि परसात लावूही नका. परवान्याशिवाय लागवड हा गुन्हा आहे. पाकिटावर एफएसएसएआयचा क्रमांक पाहूनच घ्या. तिसरं, किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण या बियांत फॉस्फरस भरपूर असतो. सेवेत असलेल्या जवानांनी, त्यातही ज्यांची डोपिंग चाचणी होते अशा खेळाडूंनी, आधी युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

मग विकत घ्यायचं की नाही? माझं मत: घ्या, पण बी घ्या, आणि शक्य असेल तर पहाडातलं घ्या. कुमाऊंच्या गावागावांत घरांना कुलपं आहेत. मुलगे फौजेत किंवा दिल्ली-हल्द्वानीला, आणि मागे राहिलेल्या बायका डोंगरउतारावरच्या पायऱ्यांची शेती ओढतात. माकडं आणि रानडुकरं मक्याचा, बटाट्याचा फडशा पाडतात. भांगेच्या वाटेला फारशी जात नाहीत, असं तिथले शेतकरी सांगतात. उत्तराखंड सरकारने परवाना घेऊन ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या भांगेची लागवड करायला परवानगी दिली आहे. चकचकीत बाटलीवर 'सुपरफूड' छापून कमावणाऱ्याकडे जाणारा पैसा, त्या पायऱ्यांवर पाठीवर डोको घेऊन चढणाऱ्या बाईकडे गेला, तर त्या गावातलं एखादं घर उघडं राहील. ज्या घरांतले जवान आपल्या शेजारच्या खंदकात उभे होते, ती ही घरं.

आपल्या पेन्शनीतल्या रुपयाचा हिशेब आपण फौजेत शिकलो तसाच ठेवावा. महिन्याला पाव किलो बी पुरतं. भाजा, लसूण-मिरचीबरोबर वाटा, नाचणीच्या भाकरीवर घ्या. ते संपलं की पुढच्या महिन्यात जवस, त्याच्या पुढच्या महिन्यात कारळे. आणि रात्री जेवण झालं की डॉक्टरांनी दिलेली गोळी पाण्याबरोबर.

जय हिंद.