सात मोठा की तीन मोठा?



उमरगा तालुक्यातील एका भगिनीने पत्रातून विचारले आहे की, मुलगी तुळजापूरला कॉलेजात शिकते. तिच्यासाठी सोलापुरात दोन जुने लॅपटॉप पाहिले. एकात 'आय-७' प्रोसेसर आहे, दुसऱ्यात 'आय-३'. किंमत जवळपास सारखीच. दुकानदार म्हणतो, तीनापेक्षा सात मोठा, तोच न्या. पैसे उचलीतले आहेत, पुन्हा जमायचे नाहीत. काय करावे?

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. भगिनीने दोन्हींचे पूर्ण क्रमांक लिहून पाठवले, हे फार चांगले केले. पहिला आय-७ ७५००-यू, दुसरा आय-३ १२१५-यू. दोन्ही इंटेल कंपनीचे. ३, ५, ७ ही एकाच पिढीतल्या भावंडांची उतरंड आहे. पिढी बदलली की ती उतरंड ढासळते.

'आय' मालिकेत पिढी ओळखणे सोपे आहे. पुढच्या क्रमांकाचा पहिला अंक पिढीचा. क्रमांक १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक घ्यावेत. म्हणजे ७५०० हा सातव्या पिढीचा, २०१६ साली आलेला. १२१५ हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. (अलीकडच्या तीन अंकी क्रमांकांना हा नियम लावू नये.)

आता दोघांचे बळ पाहू. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड कोणाला समजावून सांगायला नको. टोळीत जसे कोयते, तसे प्रोसेसरात 'कोअर'. या आय-७ मध्ये कोअर २ आहेत. आय-३ मध्ये ६ आहेत, त्यांपैकी २ दणकट आणि ४ हलक्या कामाचे. कोयता किती झपाझप चालतो ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. आय-७ चा जास्तीत जास्त वेग ३.५, आय-३ चा ४.४. शिवाय नव्या पिढीचा कोयता एका घावात जास्त ऊस पाडतो, म्हणून नुसते गिगाहर्ट्झ पाहूनही भागत नाही.

एकच पत्र टाईप करायचे असेल तर जास्तीचे कोयते बांधावर बसून राहतील, फरक फारसा कळणार नाही. पण ऑनलाइन तास चालू आहे, बाजूला पीडीएफ उघडी आहे, एक्सेलचा तक्ता भरायचा आहे, अशा वेळी सहा कोयत्यांची टोळी दोन कोयत्यांच्या पुढे जाणारच.

दुसरी बाजू आयुष्याची. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या यादीत ७५००-यू नाही, १२१५-यू आहे. ज्यांच्या घरी जुना आय-७ आधीच आहे, त्यांनी तो भंगारात टाकू नये. त्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली चालते.

हा घोळ एकाच कंपनीचा नाही. एएमडीच्या रायझन ५ मध्ये ७५२०-यू आणि ७५३०-यू सख्ख्या भावांसारखे दिसतात. पहिल्यात कोअर ४, दुसऱ्यात ६, आणि दुसऱ्याची घडणही नवी.

कागदावरचा हिशोब झाला, तरी परीक्षा बाकी राहते. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. पंखा धुळीने भरलेला असेल तर चांगला प्रोसेसरही रडतो. पत्र्याच्या घरात, एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारूच नका. म्हणून दुकानात दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवावेत. वर चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबू नये. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडून क्रमांक स्वतः वाचावा. दोन्हींवर तीच फाईल, तीच दहा पाने, तोच व्हिडिओ वीस मिनिटे चालवावा. आधी चार्जर लावून, मग काढून. रॅम ८ जीबी आहे का आणि आत एसएसडी आहे का, हेही विचारावे. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर प्रोसेसर कितीही चांगला असो, लॅपटॉप रखडतो. ही सगळी परीक्षा मुलीलाच करू द्यावी. काम तिला करायचे आहे.

दुकानदार नाराज झाला तर होऊ द्या. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की, ऐकीव आहे, चालत आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. कालाम सुत्त आपण विहारात ऐकतो. बाजारात पैसे मोजतानाही ते आठवावे.

तेव्हा या भगिनीला आमचा सल्ला असा : परीक्षेत पास झाला तर बाराव्या पिढीचा आय-३ च घ्यावा. आणि पक्की पावती घ्यावी, तीवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. उचलीचे पैसे अंगमेहनतीने फेडावे लागतात. त्यातला एकही रुपया नुसत्या नावाच्या मोठेपणावर जाऊ नये.

नमो बुद्धाय! जयभीम!