मंजुरीनंतरची कसोटी

कॅनडात कायम वास्तव्य करण्याचा अर्ज मंजूर झाल्याचे कळते, त्या दिवशी अर्जदाराच्या घरी पेढे वाटले जातात. भाषेची परीक्षा, पदव्यांची पडताळणी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बँकेतील शिलकेचा पुरावा अशा एकेक पायऱ्या चढून आलेल्या कुटुंबाला आता सारे संपले असे वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच संपलेले नसते. मंजुरी म्हणजे दर्जा नव्हे. शेवटची पायरी ओलांडीपर्यंत अर्जदार त्या देशाच्या लेखी परकाच असतो. आणि आयुष्यभर निस्तरावी लागेल अशी चूक घडण्याचा संभव नेमक्या ह्याच मधल्या काळात अधिक असतो.

ही शेवटची पायरी कोणती, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. भारतातून जाणाऱ्या अर्जदाराला मंजुरीनंतर पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यावर व्हिसा लागून तो परत येतो आणि सोबत कायम वास्तव्याचे पुष्टिपत्र मिळते. हे दोन्ही घेऊन तो कॅनडाच्या विमानतळावर वा सीमेवर उतरला, की तेथील अधिकारी त्याला काही प्रश्न विचारतो, माहिती ताडून पाहतो आणि त्या क्षणापासून तो कायम रहिवासी ठरतो. शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने जे आधीच कॅनडात राहत असतात, त्यांच्याबाबत हेच काम अलीकडे बहुधा संगणकावर होते. त्यांना आपण देशातच असल्याचे जाहीर करून छायाचित्र व पत्ता द्यावा लागतो. मार्ग निराळे असले तरी तत्त्व एकच. दर्जा मिळतो तो अर्जाच्या दिवशी नव्हे, मंजुरीच्या दिवशीही नव्हे, तर ह्या शेवटच्या दिवशी.

पुष्टिपत्रावर एक तारीख छापलेली असते. तिच्या आत प्रवेश करणे बंधनकारक असते. ही तारीख मनमानीने ठरत नाही. वैद्यकीय तपासणीचा निकाल साधारणपणे बारा महिने ग्राह्य धरला जातो आणि व्हिसाची मुदत त्या निकालाच्या किंवा पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे जात नाही. त्यामुळे मंजुरी उशिरा आली तर हाती थोडेच महिने उरतात. तेवढ्या अवधीत नोकरीचा राजीनामा, नोटिशीचा काळ, घराची निरवानिरव, मुलांच्या शाळेचे दाखले हे सर्व उरकायचे असते. आणि मराठी घरांत ह्या यादीत आणखी एक बाब हटकून शिरते. ती म्हणजे लग्न.

मुलगा किंवा मुलगी परदेशी कायमची चालली, तेव्हा जाण्यापूर्वी लग्न उरकून घ्यावे, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. मुहूर्त, कार्यालय, नातेवाइकांच्या सुट्या जमत नसतील, तर तूर्त विवाह नोंदणी कार्यालयात सह्या कराव्यात आणि समारंभ पुढच्या वर्षी करावा, असा व्यवहारी तोडगाही निघतो. घरच्यांच्या मनात खरे लग्न अजून व्हायचेच असते. कायद्याच्या लेखी मात्र ते झालेले असते. साखरपुडा म्हणजे विवाह नव्हे. परंतु नोंदणी म्हणजे विवाहच, मग त्या दिवशी अक्षता पडलेल्या असोत वा नसोत. अर्जात 'अविवाहित' असे लिहिलेली व्यक्ती आता विवाहित झालेली असते, आणि हा बदल कॅनडात उतरण्यापूर्वी अधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन तिच्यावर असते.

हे बंधन पाळले नाही तर काय होते? कॅनडाचा सध्याचा स्थलांतर कायदा व त्याखालील नियम जून २००२ पासून अंमलात आले. त्यांतील एका पोटनियमानुसार, अर्जदार कायम रहिवासी होतेवेळी त्याच्या कुटुंबातील जी व्यक्ती जाहीर केली गेली नाही आणि जिची तपासणी झाली नाही, तिला पुढे कौटुंबिक वर्गातून बोलावून घेता येत नाही. ह्या मनाईला काळाची मर्यादा घातलेली नाही. नवविवाहित पत्नी असो, पती असो, वा मंजुरी आणि प्रवेश ह्यांच्या मधल्या काळात जन्मलेले मूल असो, नियम सर्वांना सारखाच लागू आहे. इतकेच नव्हे, तर खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास मिळालेला दर्जा गमावण्याची आणि पाच वर्षे प्रवेशबंदी होण्याची टांगती तलवारही राहते.

हे केवळ पुस्तकातले कलम नव्हे. १९९३ साली फिलिपिन्समधून कॅनडात आलेल्या एका स्त्रीने मायदेशी असलेल्या आपल्या दोन मुलांची माहिती दिली नव्हती. पुढे ती स्वतः नागरिक झाली आणि मुलांना बोलावू लागली, तेव्हा हाच नियम आडवा आला. २००५ साली संघीय अपील न्यायालयाने तो नियम वैध ठरविला. अशा कुटुंबांसाठी मानवतेच्या कारणास्तव सवलत मागण्याचा मार्ग खुला राहतो. पण तो हक्क नव्हे, अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेली कृपा आहे.

मग माणसे माहिती का दडवितात? बहुतेकांच्या मनात कपट नसते; असते ती भीती. लग्न कळविले तर जोडीदाराचे कागद, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी पुन्हा सुरू होणार, प्रवेश काही महिने लांबणार आणि कदाचित सारेच फिसकटणार, असे वाटते. 'आधी पोचा, मग बघू' असा सल्ला देणारे सल्लागारही गल्लोगल्ली भेटतात. अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबानेही हा सौदा आतबट्ट्याचा आहे. एका पारड्यात काही महिन्यांचा विलंब आणि थोडा खर्च. दुसऱ्या पारड्यात संसाराची अनिश्चित काळची ताटातूट. विलंबाचा खर्च आज डोळ्यांना दिसतो, ताटातुटीचा दिसत नाही, एवढ्याच कारणाने माणूस फसतो. जोडीदार लगेच बरोबर जाणार नसला तरी त्याचे नाव कळवून तपासणी करवून घेतली, की पुढचा मार्ग मोकळा राहतो. ही एक गोष्ट वेळेवर कळली तर अनेक घरे वाचतील.

तथापि दोष केवळ अर्जदाराच्या पदरात टाकून हा विषय मिटत नाही. आपण कोणाला घरात घेत आहोत हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, ह्यात वाद नाही. प्रश्न शिक्षेच्या प्रमाणाचा आहे. जी पत्नी वेळेवर जाहीर केली असती तर बहुधा विनाअडथळा आली असती, तिला केवळ न कळविल्याबद्दल कायमचे बाहेर ठेवणे हे चुकीच्या मानाने फार मोठे प्रायश्चित्त होय. त्यातही ते चूक न केलेल्या व्यक्तीला, अनेकदा अजाण बालकाला, भोगावे लागते. कॅनडाच्या शासनालाही ही विसंगती जाणवली असावी. २०१९ साली त्याने प्रायोगिक धोरण म्हणून ह्या नियमातून काही सूट दिली. परंतु ती निर्वासित म्हणून आलेल्यांपुरती आणि स्वतः कौटुंबिक वर्गातून आलेल्यांपुरती होती. कौशल्याच्या बळावर निवडलेल्यांना, म्हणजे भारतातून जाणाऱ्या सुशिक्षितांच्या मोठ्या वर्गाला, तिच्यातून वगळण्यात आले.

मुदतीच्या बाबतीतही नियम लवचीक होऊ शकतो, हे महामारीने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि त्यानंतर मंजुरी मिळालेले अनेकजण हातात पुष्टिपत्र असूनही घरीच अडकले. जून २०२१ मध्ये त्यांना प्रवेशाची मुभा मिळाली खरी, पण भारतातून जाणारी थेट विमाने एप्रिलपासून बंद होती, ती सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाली. कित्येकांनी राजीनामे दिले होते, बिऱ्हाडे मोडली होती. मुदत संपलेल्यांना पुढे नवे कागद देण्यात आले. अडचण सर्वांवर आली तेव्हा तारीख बदलता आली; मग एकट्या माणसाच्या प्रामाणिक अडचणीपुढे तीच तारीख दगडाची का व्हावी?

शिवाय हा दर्जा फुकट मिळत नाही. कायम वास्तव्याच्या हक्कासाठी १९९५ साली ९७५ डॉलर शुल्क बसविण्यात आले. २००६ साली ते ४९० वर आणले गेले आणि एप्रिल २०२४ अखेर प्रौढामागे ५७५ डॉलर झाले. अर्जाचे शुल्क ह्याखेरीज. हक्काचे मूल्य घेणाऱ्या शासनाने त्या हक्काची सर्वांत कठोर अट मंजुरीच्या पत्रात अगदी वरच्या ओळीत, सोप्या शब्दांत सांगावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. नियम माहीत नसणे ही सबब नव्हे, हे तत्त्व जुने आहे. परंतु नियम ठळकपणे सांगणे हे शासनाचे कर्तव्यही तितकेच जुने आहे.

प्रवेशानंतरही सावधपणा सुटता कामा नये. रहिवाशाचे कार्ड कॅनडातील पत्त्यावरच पाठविले जाते आणि तो पत्ता १८० दिवसांत द्यावा लागतो. केवळ शिक्का घेऊन मायदेशी परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण कार्डाशिवाय विमानाने पुन्हा जाण्यासाठी वेगळी कागदपत्रे लागतात. दर पाच वर्षांत ७३० दिवस तेथे वास्तव्य न केल्यास दर्जाच धोक्यात येतो. 'कायम' हा शब्द येथेही सशर्तच आहे.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपली महाविद्यालये भाषेच्या परीक्षांची माहिती देतात, प्रवेशपत्रांचे मार्गदर्शन करतात. त्यात ह्या शेवटच्या पायरीचाही समावेश व्हावा. घरातील वडीलधाऱ्यांनीही, मंजुरी हाती आल्यावर लग्नाची तारीख ठरविण्याआधी, पुष्टिपत्रावरची तारीख आणि त्याखालची अट वाचावी. विवाह लपवून मिळविलेला प्रवेश त्याच विवाहाच्या आड येतो. सत्य सांगण्यासाठी लागणारे चार महिने ही त्या मानाने फारच स्वस्त किंमत आहे.