शोकाची सवड

'श्रिंकिंग' ही अमेरिकी दूरचित्रमालिका 'ॲपल'ने जानेवारी २०२३ मध्ये सुरू केली. कॅलिफोर्नियातील पासाडेनाचा मानसोपचारतज्ज्ञ जिमी पत्नीच्या अपघाती निधनाने कोलमडतो आणि रुग्णांना थेट आज्ञा देऊ लागतो. एकीला तर छळणारा नवरा सोडण्याचे फर्मानच निघते. व्यवसायमर्यादेचा हा भंग विनोदाचा विषय व्हावा काय, असा काही प्रेक्षकांचा आक्षेप आहे. इतरांना शोकघरातले हे हसूच खरे वाटते.

आक्षेप पोकळ नाही, पण मालिकेलाही तो ठाऊक असावा. पहिल्या पर्वाच्या अखेरीस तीच स्त्री नवऱ्याला कड्यावरून ढकलते! हॅरिसन फोर्डने रंगविलेला कंपवाताचा रुग्ण पॉल मात्र जिमीच्या मुलीला शहाणा उपाय सांगतो: उदास संगीत लावून १५ मिनिटे दुःख मनसोक्त भोगावे.

ही १५ मिनिटे कोणाला परवडतात, हे या वादात सहसा कोणी विचारीत नाही. जिमी वर्षभर भरकटतो, तरी त्याचे जलतरण तलावाचे घर सुटत नाही आणि मुलीला शेजारीण सांभाळते. मालिका सुरू झाली त्याच महिन्यापासून कॅलिफोर्नियात पाच किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांवर निकटच्या आप्ताच्या मृत्यूनंतर ५ दिवसांची शोकरजा देण्याचे बंधन आले. त्या दिवसांचा पगार देण्याची सक्ती मात्र कायद्याने केलेली नाही. पती गेल्यावर तिसऱ्याच दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर परतलेल्या स्त्रीला जिमी कोणती आज्ञा देणार? नोकरीच सोड, अशी?